मालक बदलला म्हणून भाडेकरू का बदलावा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला एक मुलगा येतो. मूळचा परभणी जिल्ह्यातला, भिवंडीजवळच्या एका गोदामात कामाला. आई-वडील आणि बहिणीला घेऊन तो कल्याणच्या पलीकडे वन रूम किचनमध्ये भाड्याने राहत होता. एका सकाळी दारात अनोळखी माणूस उभा, हातात मोजायची टेप. आत येऊन त्याने भिंती मोजायला घेतल्या आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "हा फ्लॅट मी घेतलाय. पंधरा तारखेपर्यंत मोकळा करा."

अकरा महिन्यांच्या करारातले पाचच महिने झाले होते. डिपॉझिटचे चाळीस हजार जुन्या मालकाकडे, आणि जुना मालक फोन उचलेना. मुलाने मला फोन केला. "ताई, असं करता येतं का?"

मी ठामपणे म्हणाले, "नाही येत. घर विकलं म्हणून भाडेकरू बाहेर जात नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, बस."

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. कागद पाहिला आणि माझा ठामपणा तिथेच गळून पडला. तो ज्याला भाडेकरार म्हणत होता त्या कागदावर वर मोठ्या अक्षरात ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलेलं होतं. ‘भाडेकरू’ हा शब्द त्या पाच पानांत एकदाही नव्हता. ‘भाडं’ हा शब्दसुद्धा नव्हता, ‘परवाना शुल्क’ होतं. कायद्याच्या लेखी हा मुलगा भाडेकरू नव्हताच. तो परवानाधारक होता. मालकाच्या परवानगीने आत बसलेला माणूस.

मित्रांनो, हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे. आपले आजी-आजोबा मुंबईत आले तेव्हा ते काय होते आणि आज आपण काय आहोत, हे त्या शब्दावरून कळतं. आणि हा बदल आपोआप झालेला नाही.

एकाच वर्षीचे दोन कायदे

१८८२ साली इंग्रज सरकारने दोन कायदे पाठोपाठ केले. त्या वर्षीचा चौथा कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि पाचवा म्हणजे सुविधाधिकार कायदा, ज्याला वकील लोक ईझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात. मुंबई इलाख्यात ते लागू व्हायला पुढची काही वर्षं गेली, पण दोन्ही आजही जिवंत आहेत.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०९ पाहा. मालकाने भाड्याने दिलेली मालमत्ता विकली, तर (वेगळा करार नसेल तर) घेणाऱ्याला जुन्या मालकाचे सगळे हक्क मिळतात. भाडेकरूने ठरवलं तर जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्याही नव्यावर येतात. लक्षात घ्या, ही निवड कायद्याने भाडेकरूच्या हातात दिली आहे. घर विकलं गेल्याचं भाडेकरूला माहीतच नसेल आणि त्याने जुन्या मालकाला भाडं दिलं असेल, तर नवा मालक तेच भाडं पुन्हा मागू शकत नाही. विक्रीच्या आधीची थकबाकीही नव्या मालकाला मागता येत नाही. थोडक्यात, घर हातातून हातात जातं आणि भाडेकरूचा करार घराबरोबर जातो.

१९२९ साली याच कायद्यात एक स्पष्टीकरण घातलं गेलं. एखाद्या मालमत्तेत प्रत्यक्ष कोणी राहत असेल, तर त्या माणसाचा जो काही हक्क असेल त्याची माहिती विकत घेणाऱ्याला होती असंच मानलं जाईल. म्हणजे "मला माहीतच नव्हतं आत कोणी भाडेकरू आहे" असं नव्या मालकाला म्हणता येत नाही. आत माणूस राहतो, दोरीवर कपडे वाळतात, हीच नोटीस.

आता सुविधाधिकार कायदा. परवाना म्हणजे काय हे त्यात कलम ५२ मध्ये सांगितलं आहे आणि पुढे कलम ५९ येतं. परवाना देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर घेणारा त्या परवान्याने बांधलेला नाही. विषय संपला. भाडेकरूचा करार घराबरोबर जातो, परवानाधारकाचा परवाना जुन्या मालकाबरोबर जातो.

खोली तीच. महिन्याला द्यायचे पैसे तेवढेच. वीजबिल भरणारा माणूसही तोच. पण कागदावर कोणता शब्द आहे त्यावर ठरतं, की घर विकलं गेल्यावर तुम्ही आत राहणार की सामानासकट रस्त्यावर.

चाळीतली पावती

१८८२ चा कायदा भाडेकरूच्या बाजूचा होता असं समजू नका. विक्रीने भाडेकरार मोडत नव्हता हे खरं, पण महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस देऊन काढता येत होतं. म्हणजे नव्या मालकाने आज घर घ्यावं, उद्या नोटीस द्यावी. दार बंद होतं, पण कडी मालकाच्याच हातात होती.

ती कडी मालकाच्या हातातून काढायला पहिलं महायुद्ध यावं लागलं. मुंबईत गिरण्या जोरात चालू होत्या, माणसं येत होती, घरं कमी होती आणि भाडी भडकत होती. १९१८ साली मुंबईचा पहिला भाडेनियंत्रण कायदा आला, युद्धकाळापुरता म्हणून. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच घडलं, आणि १९४७ साली ‘बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट’ म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. भाडेकरू ठरलेलं भाडं देतो आहे किंवा द्यायला तयार आहे आणि अटी पाळतो आहे, तोवर मालकाला ताबा मागता येणार नाही. ताबा मागण्याची कारणं कायद्याने मोजून दिली. घर विकलं, हे त्या कारणांत नव्हतं.

या काळात आपली माणसं कुठे राहत होती? १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. पुढे १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. खाजगी घरमालक जात विचारून दार लावून घेत असताना या सरकारी आणि निमसरकारी चाळींत अस्पृश्य कामगारांना खोली मिळण्याची शक्यता तरी होती. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले. कोलंबियाहून आणि लंडनहून परतल्यावर ते तिथेच आले. महाडच्या सत्याग्रहाच्या आणि गोलमेज परिषदेच्या काळातही त्यांचं कुटुंब तिथेच होतं.

१९३३ साली ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला. म्हणजे त्या सगळ्या चाळींचा मालक बदलला. तेव्हा कोणी भाडेकरूंच्या दारात टेप घेऊन उभं राहिलं नाही. पावतीवरचं नाव बदललं, खोलीतली माणसं तीच राहिली. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत अजूनही ट्रंकेच्या तळाशी जुन्या भाडेपावत्यांचा गठ्ठा असतो. आजोबांना लिहिता-वाचता येत नसे, पण ती पावती त्यांनी जन्मदाखल्यासारखी जपली. आज त्याच पावत्यांच्या वारसांना बीडीडीच्या पुनर्विकासात १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे. ही मेहेरबानी नाही. मालक कोणीही होवो, राहणाऱ्याचा हक्क टिकतो या तत्त्वाचं ते फळ आहे.

याउलट चित्र बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत असताना त्यांना राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव लावून एका पारशी पथिकाश्रमात राहिले. जात कळल्यावर काठ्या घेतलेली माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगितलं. परदेशातून पदव्या घेऊन आलेला माणूस, खिशात भाड्याचे पैसे, पण राहण्याचा हक्क शून्य. तो राहत होता दुसऱ्याच्या मर्जीवर. परवानाधारक म्हणजे नेमकं काय, हे समजायला याहून मोठं उदाहरण नको.

खोत बदलला तरी कूळ तिथेच

आपल्या चळवळीत भाडेकरूचा प्रश्न शहरापुरता कधीच नव्हता. कोकणात खोत होते. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये बसलेला हा मध्यस्थ कुळांकडून वसूल करायचा आणि त्यातला काही भाग सरकारात भरायचा. कूळ पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसायचं, तरी त्या जमिनीवर त्याचा हक्क किती हे खोत ठरवायचा. १९३३ पासून अलिबागजवळच्या चरी गावात कुळांनी जमीन कसणंच बंद केलं आणि हा संप वर्षानुवर्षे चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्या मोर्च्यात महार होते तसे कुणबी आणि आगरीही होते.

त्या लढ्यातली मागणी नीट समजून घेतली पाहिजे. चांगला खोत द्या, अशी ती नव्हती. वर कोण बसलाय याच्याशी जमीन कसणाऱ्याचा हक्क बांधलेला नसावा, अशी ती होती. खोतीचा कायदा शेवटी १९४९ साली झाला. १९४८ च्या कूळकायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कूळ हे जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं.

पण इथेच एक धडा आहे. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे कूळकायद्याची प्रत्यक्ष पाहणी केली. ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. समाजशास्त्राच्या अभ्यासात ती माझ्या हाती आली तेव्हा एका शब्दावर मी अडकले. कित्येक कुळांनी ‘स्वखुशीने’ जमीन सोडल्याची नोंद होती. कायदा संरक्षण देतोय, तरी कूळ स्वखुशीने जमीन सोडतंय! ही खुशी कशी असते ते आपल्याला माहीत आहे. ज्याच्या नावाची नोंद नव्हती, ज्याचं सगळं तोंडी होतं, त्याला स्वखुशीशिवाय दुसरी वाट नव्हती. आणि ज्यांची नोंद नव्हती त्यांत आपली माणसं किती होती, हे वेगळं सांगायला नको.

आज भाड्याचं घर सोडताना आपली मुलं ज्या कागदावर सही करतात त्यावरही तोच शब्द असतो. "मी स्वखुशीने ताबा देत आहे."

‘भाडेकरूंसकट’ विक्री

१९४७ च्या कायद्याचा बाजारावर काय परिणाम झाला तेही प्रामाणिकपणे पाहू. मुंबईत घर विकण्याचे दोन भाव झाले. रिकाम्या घराचा एक आणि ‘भाडेकरूंसकट’ घराचा दुसरा, फार कमी. मालक वरची मालकी विकायचा. भाडेकरू आपला ताबा पागडी घेऊन विकायचा. १९४७ च्या कायद्याने पागडी गुन्हा होती, तरी ती चालू होती. शेवटी १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने कलम ५६ मध्ये ती कायदेशीर केली.

दुसऱ्या बाजूला भाडं १९४० च्या सप्टेंबरमध्ये गोठलेलं. चाळीस-पन्नास रुपये भाड्यात इमारतीची डागडुजी कोण करणार? इमारती पडू लागल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला आणि १९,६४२ जुन्या इमारती उपकरप्राप्त ठरल्या. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडं असं कायमचं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. मालकांची ही तक्रार खोटी नव्हती. आपण वाद घालतो तेव्हा समोरच्याचं खरं तेवढं मान्य करायला हवं. भाडं वाजवी वाढावं, याला कोणत्याही भाडेकरूचा तात्त्विक विरोध असण्याचं कारण नाही. १९९९ च्या कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढ दिलीच.

१९८६ साली आणखी एक पाऊल पडलं. म्हाडा कायद्यात प्रकरण ८-अ आलं. उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था काढली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला मालकाला देऊन सरकार ती इमारत संपादित करून रहिवाशांच्या संस्थेला देऊ शकेल. म्हणजे मालकाने कोणाला तरी विकण्याची वाट पाहायची नाही, राहणारेच घेणार. गावच्या कुळाला जे मिळालं ते शहरातल्या भाडेकरूला मिळण्याच्या हा सगळ्यात जवळचा टप्पा. त्याचा आधार होता संविधानाचं कलम ३९(ब), समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असं सांगणारं. मालमत्ताधारकांची संघटना न्यायालयात गेली. अनेक वर्षं प्रकरण एका खंडपीठाकडून दुसऱ्याकडे फिरलं आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही ‘समाजाची साधनसंपत्ती’ होत नाही. काही मालमत्ता होऊ शकते, पण ते तपासून ठरवावं लागेल. दार पूर्ण लागलं नाही, पण किलकिलं झालं.

पावतीकडून परवान्याकडे

मग आपण परवानाधारक कधी झालो?

भाडेकरूला काढता येत नाही म्हटल्यावर मालकांनी साधी युक्ती केली. भाडेकरू ठेवायचाच नाही, परवानाधारक ठेवायचा. न्यायालयांनी सुरुवातीला ही युक्ती ओळखली. १९५९ सालच्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कागदावरच्या नावापेक्षा व्यवहाराचं खरं रूप पाहिलं पाहिजे आणि जागेचा पूर्ण ताबा कोणाकडे आहे हे महत्त्वाचं आहे. १९७३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने त्याहून मोठं काम केलं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर घरात राहणाऱ्यांना कायद्यानेच भाडेकरू करून टाकलं. एका दिवसात हजारो परवानाधारक भाडेकरू झाले.

असं दार आपल्या राज्यात एकदाच उघडलं. १९९९ च्या कायद्याने उलटी दिशा पकडली. कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपली की राहणाऱ्याने घर सोडायचं. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि लेखी परवाना करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानायचा. म्हणजे व्यवहाराचं खरं रूप बघण्याची वाट कागदाने अडवली.

याचा अर्थ असा नाही की १९९९ नंतर भाडेकरूला संरक्षण नाही. आहे. पण नवा भाडेकरू करून घेणारा मालक आता दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. संरक्षण पुस्तकात आहे आणि ते ज्याला मिळायचं तो माणूसच बाजारातून नाहीसा केला गेला आहे.

यात जात कुठे आली, असं कोणी विचारेल. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लीम नावाने घर मागणाऱ्यांना नकार मिळतो, किंवा घर मिळालं तरी जाचक अटींवर मिळतं, हे त्यातून पुढे आलं. आपल्याला अभ्यासाशिवायही हे माहीत आहे. "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न आपण किती वेळा ऐकला आहे? आता दोन्ही गोष्टी एकत्र करा. ज्याला घर सहज मिळतं त्याच्यासाठी अकरा महिन्यांनी घर बदलणं ही गैरसोय असते. ज्याला वीस दारं ठोठावून एक मिळतं, आडनाव सांगावं की गाव सांगावं या विचारात ज्याची रात्र जाते, त्याच्यासाठी मुदतीआधी घर जाणं म्हणजे पुन्हा त्या वीस दारांसमोर उभं राहणं. कायदा सगळ्यांना सारखाच लागू आहे. मार सारखा बसत नाही.

मालक आपलाच असला तर?

त्या मुलाच्या गोष्टीतला एक भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्याचा जुना मालक आपल्यातलाच. त्याच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, चैत्यभूमीला दरवर्षी जातो. नोकरीच्या कर्जावर त्याने तो फ्लॅट घेतला होता आणि मुलीच्या शिक्षणासाठी विकला. विकण्यात चूक काहीच नाही. आपल्या माणसाने घर घ्यावं, विकावं, त्यात पैसा कमवावा. पण भाड्याने राहणाऱ्याला एका शब्दाने सांगितलं नाही, डिपॉझिट विक्रीच्या पैशातून वेगळं काढलं नाही, फोन उचलला नाही. त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "ताई, सगळे असंच करतात."

सगळे करतात म्हणून आपण करायचं, तर चवदार तळ्यावर जायची गरजच नव्हती. आपल्यातली पहिली पिढी आता घरमालक होते आहे. चाळीतल्या पावतीवर वाढलेली ही पिढी दुसऱ्याच्या हातात परवाना देताना खोतासारखी वागणार की कुळाची आठवण ठेवणार, हा प्रश्न आपण आपल्याच घरात विचारला पाहिजे. ब्राह्मणी व्यवस्थेला शिव्या देऊन तो सुटणार नाही.

त्या कागदात जे होतं ते

तो मुलगा परवानाधारक होता म्हणून अगदीच हात रिकामे नव्हते. सुविधाधिकार कायद्याचं कलम ६३ म्हणतं, परवाना संपला तरी राहणाऱ्याला सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. कलम ६४ म्हणतं, पैसे देऊन घेतलेला परवाना राहणाऱ्याची चूक नसताना मुदतीआधी मोडला, तर परवाना देणाऱ्याकडून भरपाई मागता येते. आणि विशिष्ट दिलासा कायद्याचं कलम ६ असं, की कायद्याच्या मार्गाशिवाय कोणालाही जबरदस्तीने ताब्याबाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. कुलूप तोडणं, सामान बाहेर फेकणं हे कोणत्याच मालकाला करता येत नाही, मग तो जुना असो की नवा.

ही तीन कलमं घेऊन आम्ही दोघांसमोर बसलो. आवाज चढवला नाही. नव्या मालकाने पंधरा दिवसांऐवजी दोन महिने दिले. जुन्याने डिपॉझिट दिलं, तेही दोन हप्त्यांत. घर बदलण्याचा खर्च त्याने दिला नाही आणि त्यासाठी कोर्टात जाण्याची ताकद त्या कुटुंबात नव्हती. बहिणीची शाळा वर्षाच्या मध्यात बदलली. हा विजय आहे असं मी म्हणणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांसाठी काही कामं. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक अभ्यासवर्गात सही करण्याआधी करार वाचून दाखवा. करार नोंदणीकृत आहे का पाहा. नोंदणी करणं ही १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास त्याला शिक्षा होऊ शकते, आणि अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पैसे बँकेतून द्या, रोख दिले तर पावती घ्या. करारात दोन ओळी घालायला लावा: मुदतीत घर विकायचं झाल्यास दोन महिने आधी लेखी कळवावं आणि हा करार मुदत संपेपर्यंत पाळण्याची अट खरेदीखतात घालावी, डिपॉझिट विक्रीच्या दिवशी परत करावं किंवा नव्या मालकाकडे लेखी वर्ग करावं. मालक आपला असेल तर ह्या ओळी त्यानेच आधी घालाव्यात.

आणि राजकीय मागणी एकच, साधी. मुदतीचा परवाना विक्रीने मोडू नये. १८८२ साली भाडेकरूला जे दिलं ते परवानाधारकालाही मिळावं, निदान त्याच्या अकरा महिन्यांपुरतं. त्यासाठी कोणाची मालमत्ता काढून घ्यावी लागत नाही, कोणाचं भाडं गोठवावं लागत नाही. १९७३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने याहून कितीतरी मोठं पाऊल उचललं होतं. आज मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा. आपल्या पक्षांच्या नेत्यांनाही विचारा, कारण त्यांच्या जाहीरनाम्यात झोपडपट्टी असते, बीडीडी असते, पण परवान्यावर राहणारा माणूस नसतो.

परवा तो मुलगा वर्गाला आला. नव्या घराचा करार घेऊन आला होता, सही करण्याआधी. आम्ही सगळ्यांनी मिळून तो पहिल्या पानापासून वाचला.

जय भीम!